दोन समुद्रदर्शनं आणि एक खुर्ची

पहिली ओळ, चार वेळा

"माझा जन्म ब्रिन्ग्वेर्न गावी झाला." खोडलं. जन्म सगळ्यांचाच होतो.

"फुटबॉल हाच माझा श्वास." खोडलं. गेल्या वर्षी एका शेतकऱ्याने मेंढ्यांबद्दल हेच लिहिलं होतं आणि परीक्षकाने त्याला सगळ्यांदेखत सोलून काढलं होतं.

"मधल्या फळीत खेळणाऱ्याकडे कोणी बघत नाही." खोडलं. रडका सूर नको.

"मी एकंदर पाचशे अकरा सामने खेळलो."

ही ठेवली. इद्वल प्यूने पेनाचं टोपण चावलं, गाडीच्या काचेतून बाहेर बघितलं. पुढच्या शिकाऊ बाईला यायला वीस मिनिटं होती. पाचशे अकरा. आकडा बोलका होता. आता उरलेले आकडे लिहायचे की झालं.

खुर्ची का

वेल्समधल्या ब्रिन्ग्वेर्नमध्ये माणसाची पत त्याच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्यांवरून ठरते. बसायच्या नव्हेत, जिंकलेल्या. दर नोव्हेंबरात गावचा आयस्टेद्वोद भरतो. गाणी होतात, पाठांतरं होतात, आणि शेवटी सर्वांत चांगलं लिहिणाऱ्याला गावच्या सुताराने घडवलेली ओकची खुर्ची मिळते. ती घरी न्यायची, तिला मेण लावायचं आणि आपण मरेपर्यंत तिच्यावर दुसऱ्या कोणाला बसू द्यायचं नाही.

इद्वलच्या दिवाणखान्यात अशा दोन खुर्च्या होत्या. दोन्ही सासऱ्यांच्या. सासरे गेले त्या वर्षी त्या ब्लँकेटांत गुंडाळून आल्या. एकदा रग्बीची मॅच बघताना इद्वल चुकून त्यातल्या एकीच्या हातावर टेकला. त्याच्या बायकोने, मेरेरिडने, नुसतं बघितलं. उरलेली मॅच इद्वलने उभ्याने बघितली.

त्याचं स्वतःचं असं काय होतं? इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनांत सतरा वर्षं, सहा क्लब, तेवीस गोल, शून्य चषक. वेल्सच्या संघात पाच वेळा निवड, आणि पाचही वेळा राखीव बाकावर बसून परत. त्यातल्या एका सामन्यात तो टीव्हीवर चार सेकंद दिसला होता, बुटाची नाडी बांधताना. साऱ्या गावाने तो सामना बघितला होता. गॅरेजवाला अजून विचारायचा, "काय इद्वल, बसली का गाठ?"

आता वय अठ्ठावन्न. दोन्ही गुडघे पावसाआधी बोलायचे, म्हणजे ब्रिन्ग्वेर्नमध्ये सतत. तो गाडी चालवायला शिकवायचा. अर्धं गाव त्याच्या हाताखालून पास झालेलं, तरी पाहुण्यांना ओळख करून देताना लोक म्हणायचे, "हा मेरेरिडचा नवरा. तिच्या वडिलांच्या दोन खुर्च्या आहेत."

यंदाचा विषय गावच्या मासिकात छापून आला: 'माझं काम'. गद्य. कमीत कमी हजार शब्द, जास्तीची मर्यादा नाही. इद्वलने ते तीन वेळा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा चेंडू आपण होऊन त्याच्या पायाशी आला होता.

एकच खुर्ची हवी होती. स्वतःची. आणि तिच्यावर बसून मॅच बघायची.

नियम ३

*लेखावर खरं नाव नको, टोपणनाव घालावं. खरं नाव वेगळ्या छोट्या पाकिटात बंद करून सोबत जोडावं. ते पाकीट निकाल लागेपर्यंत कोणीही उघडू नये. 'कोणीही' यात चिटणीसबाई आल्या.*

शेवटचं वाक्य दोन वर्षांपूर्वी घातलेलं. का, ते एलिनेडला माहीत. चिटणीस तीच.

टोपणनावावर इद्वलने फार वेळ घालवला नाही. पहिला क्लब ऑल्डर्टनचा होता. लग्न होऊन आठवडा झालेला, भाड्याचं घर, आणि दारावर पितळी पाटी: 'समुद्रदर्शन'. समुद्र साठ मैलांवर. खिडकीतून दिसायचा तो जनावरांच्या खुरांपासून सरस बनवणारा कारखाना. वारा या बाजूला आला की चहालासुद्धा खुरांचा वास. इद्वलने पाकिटावर 'समुद्रदर्शन' लिहिलं आणि स्वतःवरच खूष झाला. हे कोणाच्या बापाला ओळखता आलं नसतं.

लिहिलं गाडीत. टाइप केलं घरी, मेरेरिड गाण्याच्या तालमीला गेलेली असताना. घरच्या प्रिंटरने डाव्या समासात राखाडी रेघ ओढली, ती त्याने चालवून घेतली. मोठं पाकीट स्वयंपाकघराच्या खणातलं, मेरेरिडने शाळेतून आणलेल्यांतलं.

त्या आठवड्यांत मेरेरिडलाही शाळेच्या स्वयंपाकघरातून यायला उशीर व्हायचा. इद्वलला ते सोयीचं होतं. उशीर का होतो, हे त्याने विचारलं नाही.

"तू हल्ली गप्प गप्प असतोस," ती एकदा पावाला लोणी लावता लावता म्हणाली.

"गुडघा."

"कुठला?"

कुठला सांगायचा ते इद्वलने ठरवलं नव्हतं. "आळीपाळीने," तो म्हणाला.

शनिवार, दुपारी साडेतीन

चॅपलच्या मागचं सभागृह. पिंपातला चहा, 'बारा ब्रीथ' नावाचा मनुकांचा पाव, ओल्या कोटांची वाफ. मंचावर मधोमध खुर्ची. इद्वलने तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तो तिच्या फक्त पायांकडे बघत होता. सुताराने यंदा पायांना वळण दिलं होतं. तिसऱ्या ओळीत तो, शेजारी मेरेरिड. तिने चांगला कोट घातला होता. त्याने नवा टाय लावला होता. "कोणाचं लग्न आहे का?" तिने विचारलं होतं, आणि "तुझा कोट कशाला मग?" असं त्याने विचारल्यावर दोघांनीही विषय सोडून दिला होता.

परीक्षक डॉ. माइलोर विद्यापीठातून आलेले. बारीक, लांब, आवाज मात्र बैलाचा. कागद हातात घेऊन ते उभे राहिले आणि सभागृह चिडीचूप झालं. गाणी लोक बोलत बोलत ऐकतात. दुसऱ्याची हजेरी घेतली जात असली की श्वाससुद्धा जपून घेतात.

"सात लेख आले," डॉ. माइलोर म्हणाले. "त्यांतले चार आले नसते तर चाललं असतं."

लोक सुखावले.

"'पहाटतारा' यांनी दूध काढण्यावर लिहिलं आहे. गाय मला पटली. लेखक पटला नाही. 'खिळा' यांनी स्वल्पविराम मिठासारखा टाकला आहे, बरणी उपडी करून." मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. सगळ्यांनी मागे बघितलं आणि 'खिळा' कोण ते गावाला कळलं. "दुसऱ्या क्रमांकावर 'मेंढवाडा'. शांत, नेटकं लिखाण. त्यात दिसणाऱ्या डोंगरावरून लेखक पॉन्टवेन गावचा असावा."

सभागृहात नापसंतीची एक लाट गेली. पॉन्टवेन दोन मैलांवर आहे. तिथल्या माणसाला इथली खुर्ची एकदाच मिळाली होती, त्यालाही सदतीस वर्षं झाली, आणि ती मंडळी ती खुर्ची अजून मिरवणुकीत काढतात.

"आणि आता," डॉ. माइलोर म्हणाले, "'समुद्रदर्शन'."

इद्वलने खुर्चीच्या पायांवरची नजर वर उचलली.

परीक्षकांचं म्हणणं, जसंच्या तसं

"मित्रहो, मी तीस वर्षं परीक्षण करतो आहे. इतकी धाडसी रचना मी बघितली नाही. पहिली नऊ पानं एका फुटबॉलपटूची आहेत. मधल्या फळीतला, साधारण कुवतीचा. तो सामने मोजतो. पिवळी कार्डं मोजतो. चौऱ्याहत्तर. कुठल्या मैदानावर गवत कसं होतं, हे सांगायला त्याने दीड पान घेतलं आहे. असा कंटाळा, असा अस्सल, घट्ट, साजूक कंटाळा उभा करणं सोपं नाही. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो."

सभागृह हसलं. मेरेरिड हसली नाही. इद्वलने टायची गाठ सैल केली. गवताचं दीड पान लिहिताना त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, ते निराळ्या कारणाने.

"लेखकाचा हेतू आपल्या लक्षात येतो. हा माणूस सतरा वर्षं रोज कोणत्या ना कोणत्या घरी परततो आणि त्या घरात कोण आहे ते नऊ पानांत एकदाही सांगत नाही. 'आम्ही ऑल्डर्टन सोडलं', असं लिहितो. 'आम्ही' म्हणजे कोण? तो आणि संघ, असं वाटतं. आणि मग, मित्रहो, येतं पान दहा. पान दहावर त्याची बायको बोलायला लागते."

इद्वल पुढे सरकून बसला. पान दहा नव्हतं. त्याने नऊच पानं घातली होती. म्हाताऱ्याने दुसऱ्या कोणाचं तरी त्याच्यात मिसळलं होतं.

"ऐका," डॉ. माइलोरनी पान वर धरलं. "'सहा गावांत सहा घरं लावली. चहाच्या पेटाऱ्यात आईची कपबशी होती, तो पेटारा मी पुढेपुढे फोडलाच नाही. फोडला की नवऱ्याला नवा क्लब मिळायचा, असं दोनदा झालं होतं.'"

पेटारा. इद्वलच्या माळ्यावर होता तो. त्याच्यावर त्याने बूट ठेवले होते.

त्याने हळूच डावीकडे बघितलं. मेरेरिड पर्सचा बंद उघडत होती, लावत होती, उघडत होती. तिची मान कोटाच्या कॉलरीपर्यंत लाल झाली होती.

"पान चौदा मी इथे वाचणार नाही," डॉ. माइलोर म्हणाले. "ते एकट्याने वाचायचं पान आहे. खुर्ची 'समुद्रदर्शन' यांची."

कर्णा वाजतो, तेव्हा

ट्रेवोर पुढे आला. तो निवृत्त गुरांचा डॉक्टर, यंदाचा सूत्रधार, अंगावर हिरवा झगा. पोस्टमनने कर्णा फुंकला.

"'समुद्रदर्शन', आणि फक्त 'समुद्रदर्शन', यांनी उभं राहावं."

कोणी उभं राहिलं नाही.

"ऊठ," मेरेरिड ओठ न हलवता म्हणाली.

"मी कसा उठू? मला दहावं पान नाही."

"मला पहिली नऊ नाहीत."

"तू 'समुद्रदर्शन' का घेतलंस?"

"तू का घेतलंस?"

"मला काय माहीत तू लिहितेस."

"तेच तर लिहिलंय."

पोस्टमनने दुसऱ्यांदा फुंकलं. या वेळी सूर जरा फाटला. ट्रेवोर म्हणाला, "लवकर करा. तिसऱ्यांदा कोणी उठलं नाही तर खुर्ची दुसऱ्या क्रमांकाला जाईल." आणि झगा सारखा करत त्याने जोडलं, "म्हणजे पॉन्टवेनला."

तिसरा कर्णा. इद्वल उठला. त्याच क्षणी मेरेरिडही उठली.

"बस ना," इद्वल कुजबुजला. "लोकांना वाटेल तू मला धरून उठवलंस."

"तू बस. मी माझी उठलेय."

एलिनेडची कबुली

मंचावर दोघांना बोलावलं. एलिनेडने फाइल छातीशी धरली होती.

"मी काय करणार? दोन्हींवर एकच नाव. एकसारखी तपकिरी पाकिटं, शाळेच्या स्वयंपाकघराची. दोन्हींच्या डाव्या समासात तीच राखाडी रेघ. मला वाटलं, एकानेच दोन हप्त्यांत पाठवलंय. पानांना आकडे नव्हते, ते मी घातले. कमी पानांचं आधी लावलं."

"आतली छोटी पाकिटं दोन आली, तेव्हाही काही वाटलं नाही का, बाई?" ट्रेवोरने विचारलं.

"वाटलं. पण उघडून बघायची सोय ठेवलीत का? 'कोणीही' मध्ये मला मुद्दाम घातलंत ना?"

ट्रेवोर डॉ. माइलोरकडे वळला.

डॉ. माइलोर इद्वलकडे बघत होते. त्यांचा बैलाचा आवाज वासराएवढा झाला होता. "म्हणजे ती नऊ पानं... ती तुम्ही मनापासून..."

"एकेक आकडा खरा आहे," इद्वल म्हणाला. "पडताळून बघा हवं तर."

"नको, नको. विश्वास आहे माझा."

"माझा प्रश्न सोपा आहे, डॉक्टर," ट्रेवोर म्हणाला. "खुर्ची एक, माणसं दोन. वेगवेगळं धरलं तर कोण जिंकतं?"

डॉ. माइलोरनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यांनी आधी इद्वलकडे आणि मग मेरेरिडकडे बघितलं. "प्यूसाहेबांची नऊ पानं एकटी असती, तर मी त्यांना... आठवा क्रमांक दिला असता."

"लेख किती होते?" इद्वलने विचारलं.

"आता आठ."

"हं."

"आणि बाईंचं एकटं वाचलं तर चांगलं आहे, पण नुसता हिशेब चुकता केल्यासारखं वाटतं. समोर हा मनुष्य नसला तर त्यातली गंमत जाते. वेगवेगळं धरलं तर खुर्ची 'मेंढवाडा' यांना जाईल."

सभागृहात मागे एक गृहस्थ कोटाची बटणं लावत उभे राहू लागले. ब्रिन्ग्वेर्नच्या दीडशे लोकांनी माना वळवून त्यांच्याकडे बघितलं. गृहस्थ एकही बटण न सोडवता खाली बसले.

"थांबा जरा," ट्रेवोर घाईने म्हणाला. "नवरा-बायको म्हणजे एकच देह, असं शास्त्रात लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय," दीडशे लोक म्हणाले. एरवी चॅपलमध्ये इतकं एकमत कधी दिसलं नव्हतं.

"मग 'समुद्रदर्शन' एकच. प्रश्न मिटला."

"मला कोणी विचारलं नाही," मेरेरिड म्हणाली.

"तुमच्या नवऱ्यालाही नाही, बाई," ट्रेवोर म्हणाला. "चला, कोण बसतंय?"

बसणं

इद्वलचा हात आधीच खुर्चीच्या पाठीवर होता. लाकूड थंड होतं आणि त्याला मेणाचा वास होता.

"बस," मेरेरिड म्हणाली. "मी सतरा वर्षं स्टँडमध्ये बसले. मला बसायचं काही अप्रूप नाही."

तो बसला. गुडघे नव्वद अंशांत आले, हात खुर्चीच्या हातांवर गेले, पाठ टेकली. समोर सगळं गाव, आणि त्यात गॅरेजवालाही. तो टाळ्या वाजवत होता. इद्वलला वाटलं, इथून उठायचंच नाही.

ट्रेवोरने तलवार आणली. तिचा मान असा की ती विजेत्याच्या डोक्यावर आडवी धरायची, अर्धी म्यानाबाहेर काढायची आणि 'शांतता आहे का?' असं तीनदा विचारायचं. लोकांनी तीनदा उत्तर दिलं की ती परत आत. जिंकणाऱ्याशी कोणाचं वैर नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मेरेरिड बाजूला उभी होती. एलिनेडने टाचलेला लेख तिच्या हाती दिला होता. इद्वलने हात पुढे केला.

"आत्ता?" ती म्हणाली.

"चौदावं फक्त."

तिने लेख त्या पानावर उघडून दिला.

"शांतता आहे का?" ट्रेवोर गरजला.

"शांतता," गाव गरजलं.

इद्वल वाचत होता.

पान चौदा, वरून तिसरी ओळ

*"एक्याण्णवच्या ऑक्टोबरात मी त्याला सोडून गेले. बॅग भरली, आगगाडीने माहेरी आले. वडिलांना सांगितलं, सुट्टी आहे. त्यांनी विचारलं, कशाची. मी म्हटलं, माझी. मी अकरा दिवस राहिले. त्याने फोन केला नाही. बाराव्या दिवशी परत गेले, कारण दारावरच्या पाटीला पॉलिश करायचं राहिलं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. दार मीच उघडलं. तो आतून म्हणाला, आलीस का, चहा टाकतेस का. त्याला वाटलं होतं, मी दुकानात गेले होते."*

दुसऱ्यांदा

"शांतता आहे का?" ट्रेवोर म्हणाला.

गाव उत्तर द्यायला तोंड उघडत होतं, पण इद्वलने मान वर केली आणि लोक थांबले.

"अकरा दिवस?" तो म्हणाला.

"अकरा."

"मी कुठे होतो?"

"तुझ्या पानांत बघ," मेरेरिड म्हणाली. "मला माहीत नाही त्यात काय आहे. पण तारीख असेल. तुझ्याकडे सगळ्या तारखा असतात."

इद्वलने पानं मागे उलटली. त्याने बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, कारण सवयीने तो आकडे मोठ्यानेच वाचायचा.

"'ऑक्टोबर एक्याण्णव. बाहेरगावी दोन सामने. दोन्ही शून्य-शून्य. विशेष काही घडलं नाही.'"

सभागृहात कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. डॉ. माइलोरनी तोंडावर हात धरला होता.

इद्वलने खुर्चीचे हात धरले. आधी डावा गुडघा, मग उजवा, असा तो टप्प्याटप्प्याने उठला. डोक्यावर तलवार असल्यामुळे त्याला वाकून बाजूला सरकावं लागलं.

"अरे, विजेत्याने उठायचं नसतं," ट्रेवोर म्हणाला.

"हिला बसव," इद्वल म्हणाला.

"मी सांगितलं ना, मला अप्रूप नाही," मेरेरिड म्हणाली.

"तरी बस. मला तुझ्यासमोर उभं राहायचंय."

तिने पर्स त्याच्या हातात दिली, कोटाची मागची घडी सारखी केली आणि बसली. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वजन टाकून बघितलं. वडिलांच्या खुर्च्यांवरही ती कधी बसली नव्हती. इद्वलच्या हे आत्ता, या क्षणी लक्षात आलं, आणि चौऱ्याहत्तर पिवळी कार्डं पाठ असलेल्या माणसाला हे आजवर कधी दिसलं नाही याची त्याला मंचावर, पर्स हातात धरून, भर सभेत लाज वाटली.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"कधी?"

"तिथूनच सुरू करायला लागेल."

ट्रेवोरचे दोन्ही हात भरून आले होते. तलवार जुनी आणि जड, लष्करातून सुटलेल्या कोणाची तरी. त्याने ती मेरेरिडच्या डोक्यावर धरली, अर्धी बाहेर काढली आणि तिसऱ्यांदा, जरा काकुळतीने, विचारलं, "शांतता आहे का?"

उत्तर द्यायचं काम गावाचं. पण दीडशे लोक मेरेरिडकडे बघत होते. पॉन्टवेनचे गृहस्थसुद्धा.

मेरेरिडने खुर्चीचे हात बोटांनी चाचपले. गावाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"अकरा दिवसांनी विचारा," ती म्हणाली.

ट्रेवोर तसाच उभा राहिला. तलवार अर्धी बाहेर असताना काय करायचं, हे एकाही नियमात नव्हतं.